हातचा एक

पट्टा परत आला पुठ्ठ्याच्या खोक्यात.
सोबत रेनडिअरचे चार केस आणि साम्मोलची चिठ्ठी:
"अकरा दिवस. तुम्ही म्हणाला होतात, हिवाळाभर."
बाकी काही नाही.
सेवेत्तियार्वीत माणसं शब्दही बेतानेच खर्च करतात.

हिशेब माझाच होता.
तासातून एकदा जागं व्हायचं,
आपण कुठे आहोत ते आकाशाला विचारायचं
आणि पुन्हा निजायचं.
निजेत नऊ मायक्रोअँप.
एवढ्यावर बॅटरी पुरायला हवी होती
तळ्यावरचा बर्फ फुटेस्तोवर.

ताउनोनं मीटर लावला.
निवृत्तीला सात महिने उरलेला माणूस,
कपाळावर भिंग, खिशात कायम अर्धं बिस्किट.
पट्टा निजला. हिरवा दिवा विझला. कागदोपत्री सगळं शांत.
आकडा मात्र एक पूर्णांक चार मिलिअँपवर
ठाण मांडून बसला,
जेवण होऊनही न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.
"हेल्का, तुझं बाळ डोळे मिटून जागं आहे," ताउनो म्हणाला.
बाहेर ओउलूत दुपारचे अडीच, आणि काळोख.

घड्याळ म्हणतो आपण, पण हे वेळ सांगत नाही.
क्वार्ट्झचा एक खडा थरथरतो,
ती थरथर वाटत वाटत खाली जाते,
मोठ्या पाटातून लहान पाटात, तिथून चारीत.
शेवटच्या चारीनं पाणी मागितलं
की वरची सगळी दारं उघडी ठेवावी लागतात.
कोपऱ्यात एक जण तहानलेला असेपर्यंत
धरणाला झोप नाही.

म्हणून कर्नल मोजतो.
कुणी मागितलं, अधिक एक.
कुणी परत केलं, उणे एक.
शून्य झालं की बंद.
अजून हवंय का, असं तो विचारत नाही.
विसरलास का, असंही नाही.

रात्री साडेनऊला मी क्लॉकची यादी उघडली,
मुळापासून पानापर्यंत, प्रत्येकापुढे आकडा.
शून्य शून्य शून्य
शून्य शून्य
आणि एका पानापुढे
एक.

ड्रायव्हर माझाच, तीनशे बारा ओळींचा.
जागा होताना घड्याळ मागून घेतो,
मग रेडिओला हाक मारतो.
रेडिओनं ओ दिली तर सगळं रीतसर:
काम, निरोप, परतफेड.
पण उणे तीसला रेडिओची बोबडी वळते.
त्या वेळेसाठी मी लिहिलं होतं: चूक कळव, परत फीर.
परत फिरला तो. कळवलंही इमानदारीनं.
घेतलेलं ठेवून ये, एवढंच
मी त्याला सांगितलं नव्हतं.

शाळेत बोटावर धरतो ना, तसा हातचा एक,
पुढच्या घरात द्यायचा राहिलेला.
यशाच्या वाटेवर मी खूप दिवे लावले होते,
मालवलेही होते.
अपयशाची वाट कोण झाडतं?

एक ओळ घातली.
खरं तर दोन: एक बंद करणारी,
आणि एक खूण, की हरलेल्यानंही
बाहेर पडताना त्याच दारावरून जावं.

ताउनोनं पट्टा खिडकीबाहेर दोरीनं टांगला.
उणे चोवीस. पहाटेपर्यंत आम्ही कॉफी पीत
एका आकड्याकडे बघत राहिलो.
तो उठला. हाक मारली. ओ नाही.
परत फिरला.
नऊ.
ताउनोनं बिस्किटाचा उरलेला अर्धा माझ्यापुढे सरकवला.

खोकं मोडून कचऱ्यात टाकताना
चिठ्ठीची मागची बाजू दिसली.
तिथेही साम्मोलचंच अक्षर, पेन्सिलीतलं:
"मादी सापडली, काळजी नको.
गळ्यात घंटा होती."

घंटा.
जनावर हललं तर वाजते.